रोज सकाळी टोकणारी

आमच्या गावात चंचलबद्दल जितकं अज्ञान आहे तितकं दुसऱ्या कुठल्याच माणसाबद्दल नसेल. ती हवाई दलात डॉक्टर आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक. पुढचं जो तो आपल्या मगदुराप्रमाणे ठरवतो. कोणाच्या मते ती विमान चालवते. कोणाच्या मते ती विमानात बसून जखमी शिपायांना सुया टोचते. आमचे इसरूभाऊ तर अजूनही धरून बसलेत की ती विमानांची डॉक्टर आहे, म्हणजे विमानं आजारी पडली की ही तपासते. मागे ती सुटीवर आली होती तेव्हा तिला हाताला धरून आपल्या बांधावर घेऊन गेले आणि पाण्याचं इंजिन दाखवून म्हणाले, "डाक्टरीन, हे आवाज करते पन पानी फेकत नाई. पाह्य बरं." चंचलनं इंजिनावर हात ठेवला, थोडा वेळ गंभीर तोंड करून ऐकलं आणि सांगितलं, "भाऊ, याले आराम पायजे." इसरूभाऊंनी खरंच ते इंजिन दोन दिवस बंद ठेवलं. नंतर ते चालू झालं हे सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण झालं.

मी सुरेंद्र. चंचल माझ्या आतेची, म्हणजे आत्या देवकाबाईची, एकुलती एक लेक. आम्ही ढिवर. गाव सिंदेवाहीच्या वरच्या अंगाला, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीखाली, मातीच्या उंच बांधाखाली, वसलेलं. तलावात मासे, काठाला शिंगाडे आणि पाळीच्या खाली धान, यावर आमच्या पिढ्या निघाल्या. मी स्वतः सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला आहे, म्हणजे मीही पाण्यातच उभा असतो, फक्त माशांऐवजी रोपं मोजतो. चंचल मात्र शिकत शिकत नागपूरला गेली, डॉक्टर झाली, हवाई दलात शिरली, बेंगळुरूला जाऊन उडणाऱ्या माणसांच्या वैद्यकाचं वेगळं शिक्षण घेऊन आली, आणि आता स्क्वाड्रन लीडर आहे. नाव चंचल, आणि स्वभाव तलावाच्या तळच्या धोंड्याचा. पाणी कितीही हलो, हा जागचा हलत नाही.

तिचं काम नक्की काय, हे मलाही पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा तिनंच समजावलं. साधा डॉक्टर आजारी माणसाला बरं करतो. हिच्याकडे धडधाकट माणसं येतात आणि हिला त्यांच्यात दुखणं शोधायचं असतं. रोज सकाळी, उड्डाणाच्या आधी, पायलट तिच्यासमोर येऊन बसतात. नाडी, रक्तदाब, रात्री प्यायला होता का ते सांगणारी फुंकायची नळी, हे सगळं कोणीही करील. खरं काम त्यानंतरच्या विचारपुशीचं. झोप लागली का? पोटात काय आहे? घरून फोन आला होता का, काय म्हणाली बायको? पोराचा ताप उतरला का? मन जागेवर नसलेला माणूस आकाशात कुठे आणि कसा चुकेल याचा नेम नाही, म्हणून हे विचारायचं.

आणि हे पायलट! शत्रूला भीत नाहीत ते या बाईला भितात. कारण तिनं मान हलवली की त्या दिवशी उडणं बंद. मग लपवालपवी सुरू. नाक चोंदलेलं असलं तर बाहेर झाडामागे शिंकरून येतात आणि आत येऊन छाती काढून म्हणतात, एकदम फिट आहे मॅडम. ही त्यांच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारते, आणि मध्येच "मामा, मामी, नाना, नानी" म्हणायला लावते. न आणि म ही अक्षरं चोंदलेल्या नाकातून धड निघत नाहीत. मग नाक दाबून, तोंड मिटून फुंकायला सांगते. दोन्ही कान टक्कन उघडले तर ठीक. एक जरी उघडला नाही तर गडी जमिनीवर. तलावात खोल बुडी मारली की कानात कळ उठते ना, उतरताना विमानातही तसंच होतं, आणि कळ उठली, डोकं गरगरलं, तर दांडा कोणी धरायचा? ढिवरांच्या पोरीला हे बेंगळुरूला जाऊन शिकावं लागलं, याचं मला अजून हसू येतं.

पण खरं सांगायचं तर तिच्या कामाचं मूळ बेंगळुरूत नाही, आमच्या तलावात आहे.

आमच्याकडे पाण्यावर निघालेल्या माणसाला टोकत नाहीत. कुठी चालला, कवा येशीन, आज नको जाऊ, असला एक शब्द नाही. टोकलं की जाळं रिकामं येतं, नाहीतर त्याहून वाईट होतं, अशी समजूत. बाईनं मुकाट्यानं शिदोरी हातात द्यायची आणि आत वळायचं. चंचलचे वडील, खुशालमामा, तिसऱ्या दिवशीच्या तापात तलावावर निघाले होते. मच्छीमार संस्थेचं मोठं जाळं ओढायचा दिवस होता, व्यापाऱ्याची गाडी येणार होती, गडी कमी होते. आतेनं शिदोरी दिली तेव्हा तिला त्यांचे डोळे दिसले, लाल झालेले. शिदोरी घेताना त्यांचा हात तापलेला लागला. ती काही बोलली नाही. रीतच नव्हती. जो माणूस चालायच्या आधी पोहायला शिकला असेल तो डोंग्यातून तोल जाऊन पडला आणि वर आला नाही. आतेनं ही गोष्ट फक्त माझ्या आईला सांगितली, पुष्कळ दिवसांनी, रडत रडत. चंचल तेव्हा सातवीत होती आणि पलीकडच्या खोलीत जागी होती. आमच्या भिंती कुडाच्या. त्यांच्यातून काय ऐकू येत नाही?

तर ही पोरगी मोठी होऊन रोज सकाळी निघालेल्या माणसाला टोकण्याची नोकरी करते. मी एकदा तिला हे म्हणून दाखवलं. ती नुसती हसली.

एकच माणूस तिच्या टोकण्याला दाद देत नाही, आणि ती म्हणजे देवकाबाई. चंचलचा दर रविवारी फोन येतो, मी स्पीकर लावून आतेला देतो. "माय, कशी हायेस?" "बरी हाओ." "जेवली काय?" "जेवली." "गुडघा?" "बरा हाये." झालं. मग आते माझ्या हातात फोन देते आणि पुष्कळ वेळ भिंतीकडे पाहत बसते. चंचल मला म्हणायची, "भाऊ, पायलटचं खोटं मले नाकावरून समजते. मायचं कायच्यावरून समजू?" मी म्हणायचो, समोर येऊन बस म्हणजे समजंल. यावर ती सुट्यांचा हिशेब सांगायला लागायची. दोन दिवाळ्या ती घरी आली नव्हती. एकदा सुटी मिळाली ती तिथल्या दुसऱ्या डॉक्टरच्या आजारपणात गेली. दुसऱ्यांदा तिची बदली आली, पार आसामात. ईशान्येकडच्या त्या तळावर पाऊस कसा पडतो आणि बांबूच्या कोंबाची भाजी कशी आपल्या वास्त्यासारखीच लागते, हे सगळं ती मला सांगायची, आणि शेवटी हळूच विचारायची, तलाव भरला का? शिंगाडे लावले का? मी बांधावर उभा राहून तिला बेडकांचा आवाज ऐकवायचो. एका रविवारी ती म्हणाली, फोन ठेवू नको, ऐकू दे. मी हात दुखेपर्यंत फोन तसाच धरला.

गेल्या ऑगस्टात वैनगंगा कोपली. वर धरणाचे दरवाजे उघडले, इकडे पाऊस थांबेना, आणि गडचिरोलीची वाट बंद झाली. व्याहाडच्या पुढे रस्ता कुठे आणि नदी कुठे हे ओळखू येईना. तिकडे आत जंगलातली गावंच्या गावं पाण्यानं वेढली. मग हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं गडचिरोलीत एका शाळेच्या मैदानावर उतरली, आणि एका दुपारी चंचलचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून आते घाबरली.

"माय, मी गडचिरोलीत हाओ. पुरासाठी इकडे धाडलं मले."

आतेनं फोन माझ्याकडे दिला आणि उठली. मी बोलत होतो तोवर तिनं सुकवलेले झिंगे बांधले, लाखोळीची डाळ बांधली, लोणच्याची बाटली फडक्यात गुंडाळली आणि पायात चप्पल घालून दारात उभी राहिली. मी म्हणालो, आते, रस्ता बंद हाये. ती म्हणाली, "मूल गावावरून जाऊ." मी म्हणालो, मूलवरूनच तर बंद हाये. "मंग ब्रह्मपुरीवरून." तीही बंद. तिला पटेना. दोन तासांच्या वाटेवर लेक येऊन बसली आहे आणि वाटच नाही, हे कोणत्या आईला पटेल? ती पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. एकही गाडी येणार नव्हती हे तिला माहीत होतं. संध्याकाळी मी तिला घेऊन आलो.

चंचलला मी म्हणालो, तू तरी ये. तुमच्याकडे हेलिकॉप्टर असताना नदीचं काय मोठंसं? ती चिडली. "भाऊ, ते काय आपली फटफटी हाये?" पथकात डॉक्टर ती एकटी. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उड्डाणं, आणि मध्येच कुठून बाळंतीण येते, कुठून साप चावलेला. तिला मैदान सोडता येत नव्हतं. "रस्ता बंद हाये म्हनून आम्ही इथी हाओ," ती म्हणाली. "रस्ता खुलला का आम्ही जाऊ." म्हणजे आतेला जायला वाट होईल तेव्हा तिथं भेटायला कोणी नसेल. हे मी आतेला सांगितलं नाही. पण ती रोज सकाळी विचारायची, "खुलला का रे?" आणि मी नाही म्हटलं की मला उगाच बरं वाटायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिथं एक प्रसंग झाला. आदेश नावाचा तरुण पायलट होता, जळगावकडचा. सकाळी तपासणीत चंचलला त्याचा एक कान बंद सापडला. पोरगा काकुळतीला आला. आदल्या दिवशी त्यानं घरांच्या छपरांवर बसलेली माणसं पाहिली होती, त्यातली काही आणायची राहिली होती. तो म्हणाला, मॅडम, आपण फार उंच जातच नाही, एवढ्यानं काय होतं? चंचल म्हणाली, कधी कधी काहीच होत नाही, आणि म्हणूनच माणूस पुढच्या वेळी पण जातो. त्याच्या जागी दुसरा गेला. आदेश दिवसभर मैदानाच्या कडेला तोंड फिरवून बसला होता. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. "मले वाईट नाई वाटत असं वाटते काय सगळ्यांले?" ती म्हणाली. मी म्हणालो, इथं पाऊस कमी झाला.

मग एका संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला, आणि आवाज ऐकून मला ती सातवीतली आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हेलिकॉप्टर नागपूरला जाणार होतं, औषधं आणि सापाच्या विषावरची इंजेक्शनं आणायला. काय आणायचं ते पाहायला ती स्वतः जाणार होती. ढग खाली उतरलेले असल्यामुळे ते रेल्वेच्या रुळाच्या अंगानं जाणार, म्हणजे आमच्या तलावावरून. तिच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, डॉक्टर, हे तुमचं गाव ना? तिनं आतेला एवढंच सांगितलं, "माय, उद्या सकाळी आवाज आला का पाळीवर ये. मी वरून जाईन. खाली उतरनार नाई, पन तुले पाहीन."

त्या दिवशी आमच्या घरी सण होता म्हणा ना. आतेनं पेटीतली पिवळी साडी काढली, चंचलनं आसामातून पाठवलेली. वरून दिसायला पिवळा रंग बरा, असं तिनं स्वतःच ठरवलं. सकाळी शेजारच्या बायनाबाईंकडून वेणी घालून घेतली. बायनाबाई म्हणाल्या, "वरून केस दिसनार हायेत काय तिले?" आते म्हणाली, "डाक्टरीन हाये. सारं दिसते तिले." इसरूभाऊ सगळ्यात आधी पाळीवर येऊन बसले होते. अर्धं गाव आलं. आते सगळ्यांपासून थोडी बाजूला, पाळीच्या सगळ्यात उंच जागी उभी राहिली. इतकी वर्षं तिला त्या पाण्याकडे धड पाहताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती तलावाकडे पाठ न करता उभी होती.

इकडे गडचिरोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. चंचल सकाळी उठली तेव्हा तिचं नाक बंद होतं. इतके दिवस ओल्या कपड्यांत, ओल्या मैदानावर काढल्यावर नवल नव्हतं. तिनं नाक दाबून फुंकलं. उजवा कान उघडला. डावा उघडला नाही. पुन्हा फुंकलं, गरम पाण्याची वाफ घेतली, पुन्हा फुंकलं. नाही. कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टरला कोण तपासतो? आणि ती काही चालवणार नव्हती, मागे बसून जाणार होती. पोत्यासारखी. कान दुखला असता, फार तर दोन दिवस ऐकू कमी आलं असतं. तिनं सकाळची तपासणी केली. आदेश त्या दिवशी बरा होता, दोन्ही कान उघडे, तिनं त्याला सोडलं. तोच त्या हेलिकॉप्टरवर डावीकडे बसणार होता. ती त्यांच्याबरोबर चालत गेली. पंखा फिरू लागला. तिनं पायरीवर पाय ठेवला.

"भाऊ, मले पाळ दिसून राह्यली होती," ती मला नंतर म्हणाली. "खरंच. डोळे मिटले नव्हते तरी."

आणि मग तिनं पाय खाली घेतला. तिच्या हाताखालच्या सुनीलला, औषधं पाहणाऱ्या पोराला, आत बसायला सांगितलं. साहेबांनी काय झालं म्हणून खूण केली. तिनं आपल्या कानाकडे बोट दाखवलं आणि अंगठा खाली केला. साहेब हसले, चला चला, तुम्ही कुठे पायलट आहात, अशी खूण केली. ती नाही म्हणाली. आदेश आतून पाहत होता. आज ती बसली असती तर उद्या सकाळी तो तिला खरं सांगणार नव्हता, तो काय आणि दुसरा काय. एकदा का डॉक्टरनं आपलं लपवलं की पुढं सगळेच लपवतात. आणि लपवून निघालेल्या माणसाचं काय होतं ते तिला माहीत होतं.

तिनं मला लगेच निरोप टाकला. आमच्याकडे नेटवर्क आपल्या मर्जीनं येतं. तो निरोप माझ्या खिशात वाजला तेव्हा आवाज ऐकू यायला लागला होता. मी वाचला. "मी त्यात नाई. कान बंद. मायले मी सांगतो, तू बोलू नको." मी मान वर केली तर हेलिकॉप्टर रुळाकडून वळून तलावावर येत होतं, खाली, इतकं खाली की पाण्यावर वळ्या उठल्या. पोरं ओरडली. इसरूभाऊ दोन्ही हात जोडून उभे राहिले. आणि आते, जी कधी कोणासमोर मोठ्यानं बोलली नाही, ती दोन्ही हात वर करून हलवत होती आणि ओरडत होती, "चंचल! ए चंचल! पोरी!" डाव्या खिडकीत टोपासकट एक डोकं दिसलं. त्या माणसानं हात हलवला. नुसता एकदा नाही. हेलिकॉप्टर पुढे जाईपर्यंत हलवत राहिला.

मला त्या क्षणी चंचलचा इतका राग आला की सांगता सोय नाही. गेली असती तर काय आकाश कोसळलं असतं? एवढी तत्त्वाची बाई, आणि आईच्या वाट्याला काय, तर दुसऱ्याचाच हात! पण मला बोलू नको सांगितलं होतं. मी आतेजवळ गेलो. तिचा पदर वाऱ्यानं खाली पडला होता, वेणी सुटली होती आणि ती हसत होती. "वाळली वाटते रे," ती म्हणाली. "नाई?" मी हो म्हणालो. बायनाबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला.

संध्याकाळी फोन आला. आतेनं तो माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतला. "पाह्यलं मी तुले! तू पाह्यलं काय मले? पिवळी साडी?"

मला वाटलं, चंचल, बोलू नको, आईला एवढं तरी राहू दे. पण ती चंचल होती.

"माय, मी नव्हतो त्याच्यात. माहा कान बंद होता. मी खालीच राह्यलो."

आतेचा चेहरा मी पाहत होतो. तो एकदम पडला नाही. हळूहळू, दिवा विझताना उजेड कमी होतो तसा उतरत गेला. ती दारातल्या पायरीवर बसली.

"कोनं अडवलं तुले?"

"कोनं नाई. मीच."

आतेनं पिवळ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "बरं केलं." आणि पुन्हा, "बरं केलं पोरी. आंगात दुखनं असतानी जाऊ नाई." मग तिला खिडकीतला हात आठवला. "मंग तो कोन होता, हात दाखवनारा?"

"आदेश. पायलट हाये. त्यानं आल्यावर मले सांगितलं, पिवळ्या साडीतली एक बाई लय हात हालवून राह्यली होती. त्याच्या घरी त्यानं सांगितलंच नाई का तो पुरात उडून राह्यला. माय घाबरंल म्हनून."

"मंग त्याच्या मायनं कवा उडतानी पाह्यलंच नसंन त्याले," आते म्हणाली. "सांग त्याले, चांगला दिसत होता."

"तू कशी हायेस माय?"

"बरी हाओ," आते म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. पण चंचलचं पथक त्याच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. तिकडे खाली गोदावरी चढली होती, तेलंगणात, आणि त्यांना तिकडे बोलावणं आलं. मी आतेला सांगितलं. ती म्हणाली, "तरी चाल." मी म्हणालो, आते, तिथं कोनी नाई. "माहीत हाये मले. चाल." मी फटफटी काढली. मूल, सावली, व्याहाड. पुलाच्या कठड्याला अजून काटक्या आणि धानाची उपटलेली रोपं अडकलेली होती. चिखलात गाडी दोनदा घसरली. ती मागे पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

शाळेच्या मैदानावर चुन्याचं मोठं वर्तुळ होतं, पावसानं अर्धं पुसलेलं, आणि गवत एका अंगाला झोपलेलं. शाळा अजून उघडली नव्हती. चौकीदार म्हणाला, बाई, सारे गेले. आते म्हणाली, "डाक्टरीन कुठी बसे?" त्यानं आम्हांला व्हरांड्यातून एका वर्गात नेलं. फळ्यावर पाढे होते. खिडकीजवळ एक टेबल, पलीकडे खुर्ची आणि अलीकडे लाकडी स्टूल. तो म्हणाला, "रोज सकाळी इथी बसत मॅडम. अन् उडनारे पोरं एक एक करून या स्टुलावर."

मला वाटलं आते खुर्चीला हात लावील, लेकीची जागा म्हणून. ती स्टुलावर बसली. पिशवी खाली ठेवली, पदर नीट केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. मी दारातच थांबलो. मग ती म्हणाली, "सुरेन, लाव तिले फोन."

लागला. मागे हेलिकॉप्टरचा आवाज होता, चंचल ओरडून बोलत होती. "माय? आज कसा काय? बरी हायेस ना?"

आते म्हणाली, "नाई."

मी चमकून पाहिलं. पलीकडे चंचल कुठे तरी आत गेली असावी, आवाज एकदम कमी झाला.

"झोप नाई लागत," आते म्हणाली. "सकाळी तलावाकडून डोंग्याचा आवाज आला का छाती धडधडते. दर आइतवारी खोटं सांगतो मी तुले. अन् तुही लय आठवन येते. लय येते पोरी."

चंचल रडत होती का, ते मला कळलं नाही. पण तिनं विचारलं ते शांतपणे, जसं ती रोज सकाळी कोणालाही विचारत असेल.

"झोप कवापासून नाई लागत, माय?"

"तुहा बाप गेला तवापासून."

मग चंचल एक एक विचारत गेली आणि आते एक एक सांगत गेली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.